नदीचं मूळ, भोपळ्याचं कूळ

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या, आणि गेल्या काही दशकांत ब्रिटनमधल्याही, अनेक ख्रिस्ती घरांत एक जुना वाद नव्यानं पेटतो. शाळेतून चिठ्ठी आलेली असते: ३१ तारखेला मुलांनी वेश करून यावं. त्या संध्याकाळी आळीतली पोरं भुतं, चेटकिणी, चाचे नाहीतर स्पायडरमॅन होऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरणार, दारोदारी कोरलेल्या भोपळ्यांत दिवे लागणार. आपलं पोर त्यांच्यात पाठवायचं का? ‘नाही’ म्हणणाऱ्या आईवडिलांचं मुख्य कारण बहुधा एकच असतं: हॅलोवीन हा मुळात पेगन सण आहे. ख्रिस्ती धर्म पोचण्याआधी युरोपात ज्या देवदेवतांची पूजा चाले, त्या साऱ्या धर्मांना मिळून पेगन म्हणतात. मग हाच नियम कुणी नाताळच्या झाडाला लावतं, कुणी ईस्टरच्या रंगीत अंड्यांना, आणि काही घरांत तर खुद्द नाताळालाच. आपल्याकडे ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ अशी म्हण आहे. ती इथे जशीच्या तशी लागू करायला मी तयार नाही. मूळ जरूर शोधावं, त्यात गंमतही असते. पण सापडलेल्या, किंवा सापडलं असं वाटणाऱ्या, मुळावरून मुलाच्या सणाचा निकाल लावू नये, असं माझं म्हणणं आहे. आणि त्यासाठीचे आधार ख्रिस्ती धर्माबाहेर शोधावे लागत नाहीत. ते त्या धर्माच्या शास्त्रात आणि इतिहासातच आहेत.

आधी मुळाकडेच पाहू. प्रचलित गोष्ट अशी: आयर्लंड-स्कॉटलंडमधले केल्ट लोक या रात्री ‘साउइन’ पाळत, तेव्हा मेलेल्यांचे आत्मे परत येत, ड्रुइड पुरोहित नरबळी देत, आणि पुढे या साऱ्यावर पांघरूण घालण्यासाठी चर्चनं १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण नेमला. यातलं साउइन खरं आहे. उन्हाळा संपून थंडीला सुरुवात होण्याचा, गुरं डोंगरावरच्या कुरणांतून खाली आणण्याचा तो काळ. मेळे भरत, मेजवान्या झडत, भुताखेतांच्या कथा सांगितल्या जात. पण तो मृतांचा सण होता याला जुना पुरावा नाही, हे ब्रिटिश इतिहासकार रोनल्ड हटन यांनी ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या १९९६ च्या ग्रंथात दाखवून दिलं. जे आयरिश साहित्य हाती आहे ते ख्रिस्ती लेखकांनी, धर्मांतराला काही शतकं उलटून गेल्यावर लिहिलेलं. मृतांशी या दिवसांचं नातं घट्ट झालं ते चर्चच्याच पंचांगानं. १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतांचा. हा दुसरा दिवस फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांत सुरू केला आणि तो सगळीकडे पसरला. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती दफनभूमींत २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, ते याच परंपरेतून. तारीख पळवल्याचा आरोपही डळमळीत आहे. इ.स. ८०० च्या सुमाराला १ नोव्हेंबरला संतांचा सण पाळल्याच्या नोंदी मिळतात त्या इंग्लंड आणि जर्मन मुलखातल्या. आयर्लंडमध्ये तेव्हा तो २० एप्रिलला होत असे. ज्यांचा सण दडपायचा, त्यांच्याच देशात तो दडपणारी तारीख पोचली नव्हती म्हणायची! कोरलेला भोपळा तर अमेरिकेतलाच. आयर्लंडमध्ये सलगम कोरत. १८४५ नंतरच्या दुष्काळात अटलांटिक ओलांडून गेलेल्या आयरिशांना तिथे हे मोठं, मऊ, सहज पोखरता येणारं फळ सापडलं.

नाताळाचंही असंच. ‘२५ डिसेंबर हा रोमन सूर्यदेवाचा दिवस, चर्चनं तो पळवला’ हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की ते तपासावंसंही कुणाला वाटत नाही. सम्राट ऑरेलियननं २७४ साली रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चं देऊळ उभारलं हे खरं. पण २५ डिसेंबरला त्या सूर्याचा उत्सव असल्याची आणि त्याच दिवशी रोमच्या ख्रिस्ती लोकांनी येशूचा जन्म मानल्याची, अशा दोन्ही सर्वांत जुन्या पक्क्या नोंदी एकाच संग्रहात आहेत: ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगात. कुणी कुणाचं घेतलं, हे त्यावरून ठरवता येत नाही. सजवलेलं झाड सोळाव्या शतकाच्या आसपास जर्मन भाषक प्रदेशात दिसू लागतं, म्हणजे तिथे पेगन धर्म लयाला जाऊन कित्येक पिढ्या उलटल्यावर. मग ‘सगळे सण पेगन, प्राचीन बाबिलोनहून आलेले’ ही समजूत रुजली कशी? तिचा मोठा वाटा अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाळकाकडे जातो. त्यानं १८५३ मध्ये ‘द टू बॅबिलॉन्स’ ही पुस्तिका काढली आणि १८५८ मध्ये तिचा जाडजूड ग्रंथ केला. हेतू होता कॅथलिक चर्चला बाबिलोनी ठरवण्याचा, पद्धत होती नावांच्या उच्चारसाम्यावरून नाती जुळवण्याची. पुढे अमेरिकेतले एक सुवार्तिक, राल्फ वुडरो, यांनी १९६६ मध्ये हिस्लॉपच्याच आधारावर पुस्तक लिहिलं आणि ते भरपूर खपलं. काही वर्षांनी त्यांनी हिस्लॉपचे संदर्भ एकेक करून तपासले, ते टिकत नाहीत हे पाहिलं, आपलं खपणारं पुस्तक बाजारातून काढून घेतलं आणि १९९७ मध्ये त्याचं खंडन करणारं दुसरं लिहिलं. असं धाडस करणारे लेखक फार नसतात. त्यांचं पहिलं पुस्तक वाचून ठाम झालेल्या किती घरांत दुसरं पोचलं असेल, ही शंका मात्र राहतेच.

पण वादासाठी धरून चालू, की मूळ खरोखरच पेगन आहे. मग काय? हा प्रश्न पहिल्या शतकातच, आजच्यापेक्षा कितीतरी धारदार रूपात, विचारला गेला होता. ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळांत पशू बळी दिले जात. त्यातला काही भाग वेदीवर जळे, काही पुरोहितांना मिळे, उरलेल्या मांसाच्या पंगती देवळाच्याच भोजनगृहांत उठत. वैद्यकदेव अस्क्लेपिऑसच्या तिथल्या देवळाला लागून असलेल्या अशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. काही मांस बाजारातही विकायला येई. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसानं ते खावं का? या मांसाचं मूळ काही दीड हजार वर्षांपूर्वीच्या दंतकथेत हरवलेलं नव्हतं. ते त्याच सकाळी, दोन गल्ल्या पलीकडे, मूर्तीपुढे कापलेलं होतं. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत जे उत्तर दिलं, त्याचे तीन भाग पडतात. देवळातल्या पंगतीला बसू नका, कारण तिथे बसणं हा उपासनेतच वाटा घेणं आहे. बाजारातलं मांस मात्र कुठून आलं याची चौकशी न करता खुशाल घ्या. आणि कुणी जेवायला बोलावलं तर जा, वाढलेलं खा. पण समोरच्यानं मुद्दाम ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं सांगितलं, तर खाऊ नका, आणि तेही तुमच्यासाठी नव्हे, त्याच्या विवेकबुद्धीसाठी. मांस तिन्ही ठिकाणी तेच, एकाच बळीचं. फरक कशानं पडतो? आपण त्या क्षणी काय करतो आहोत आणि पाहणारा त्यातून काय समजतो आहे, यानं. मूळ न विचारण्याची सूचना खुद्द पौलाची आहे, आणि ती मूळ सगळ्यांना ठाऊक असताना केलेली आहे.

चर्चचा पुढचा इतिहासही नकार आणि स्वीकार या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिला. इ.स. २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन दारावर दिवे आणि तोरणं लावणाऱ्या, नववर्षाच्या भेटी देणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर तुटून पडत होता. उलट ६०१ साली पोप ग्रेगरीनं आधी इंग्लंडमधल्या केंटच्या राजाला देवळं पाडायला सांगितलं आणि मग महिनाभरात मत बदलून मेलिटस या धर्मगुरूला कळवलं, की देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी बांधा. लोकांची बैल कापून मेजवानी करण्याची सवयही मोडू नका. हुतात्म्यांच्या सणाला त्यांना झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून जेवू द्या, फक्त ते जेवण आता देवाचे आभार मानण्यासाठी असू द्या. मूळ खणून काढण्याचा हट्ट सत्तेच्या हाती पडला की काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटनं १६४७ मध्ये नाताळ रद्द केला, आणि त्याच डिसेंबरात कँटरबरीत दंगल उसळली. मॅसॅच्युसेट्सनं १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ पर्यंत होता. गोव्यात तर हे स्वयंपाकघरापर्यंत गेलं. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाचा तपशील अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या ग्रंथात दिला आहे. लग्नात हळद लावणं, घराशी तुळस ठेवणं यांबरोबर भात शिजताना त्यात मीठ न घालण्याची पद्धतही त्यात बंद केलेली दिसते, कारण हिंदू तसा शिजवतात! भात अळणी शिजवण्यात कुठल्या देवाची पूजा होते, हे फर्मान काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत आजही नवऱ्यामुलीला चुडा भरतात, नारळाच्या रसानं अंघोळ घालतात. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेत काही उणं आलं असं कुणी म्हणत नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे, तो बाजूला सारता येत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात इस्राएल लोकांना स्पष्ट बजावलं आहे, की त्या देशातल्या राष्ट्रांनी आपल्या देवांची सेवा कशी केली याची चौकशी करून तसंच करू लागू नका. म्हणजे इतरांच्या उपासनेचे प्रकार उचलू नयेत, असाच हा नियम नाही का? पण त्याच अध्यायात कारणही दिलं आहे: ती राष्ट्रं आपल्या मुलाबाळांना देवांसाठी अग्नीत जाळत. धोका होता तो समोर जिवंत असलेल्या, शेजारच्या टेकडीवर चालू असलेल्या उपासनेचा. शिवाय हा नियम मुळाला लावायचा ठरवला तर तो कुठे थांबवायचा? इंग्रजीत आठवड्याच्या काही वारांना जर्मानिक देवांची नावं आहेत म्हणून क्वेकर लोक ‘पहिला दिवस, दुसरा दिवस’ असं म्हणत. एवढी सुसंगती आज हॅलोवीनला विरोध करणाऱ्यांत क्वचितच आढळते. या बाबतीत सर्वांत कडक म्हणून ओळखले जातात ते यहोवाचे साक्षीदार. ते नाताळ पाळत नाहीत (ब्रुकलिनमधल्या त्यांच्या तेव्हाच्या मुख्य कार्यालयात शेवटचा नाताळ १९२६ मध्ये झाला), वाढदिवसही नाही. पण मेक्सिकोतल्या पिन्याटाबद्दल, म्हणजे काठीनं फोडायच्या खाऊभरल्या रंगीत मडक्याबद्दल, त्यांच्याच ‘सावध राहा!’ मासिकानं २००३ मध्ये असं मत दिलं, की शेकडो वर्षांपूर्वी त्याचा अर्थ काय होता यापेक्षा आज आपल्या भागात लोक त्याकडे कसं पाहतात हे महत्त्वाचं. पिन्याटाला जो न्याय तो भोपळ्याला का नको, हा प्रश्न मग विचारावाच लागतो.

मूळ बाजूला ठेवलं की खरी चर्चा सुरू होते, आणि ती हॅलोवीनच्या बाजूनंच सुटेल असं मुळीच नाही. आजच्या हॅलोवीनमध्ये नेमकं काय आहे? एकीकडे परी झालेली चार वर्षांची मुलगी, शेजारच्या आजोबांनी पिशवीत टाकलेली दोन चॉकलेटं. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या एका प्रेस्बिटेरियन पाळक दांपत्यानं मुलांच्या हाती दुधाची रिकामी खोकी देऊन गोळ्यांऐवजी गरजू मुलांसाठी नाणी मागायला पाठवलं, आणि त्यातून युनिसेफची मोठी निधिमोहीम उभी राहिली. तोही हॅलोवीनच. दुसरीकडे अंगणात लटकवलेले रक्ताळलेले पुतळे, छळाची दृश्यं, मृत्यूची टिंगल. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे तिथल्या मुलाला हे झेपणारं नाही. हा आक्षेप आजचा आहे, खरा आहे, आणि त्यासाठी ड्रुइडांना साक्षीला बोलावण्याची गरज नाही. गमतीचा भाग असा, की ख्रिस्ती पर्यायही कधीकधी या कसोटीला उतरत नाहीत. १९७२ पासून व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये जेरी फॉलवेल यांच्या संस्थेनं ‘स्केअरमेअर’ नावाचं भयघर चालवलं. पुढे अनेक मंडळ्यांनी नरकाची दृश्यं दाखवणारी अशीच घरं उभी केली. मुलांना घाबरवू नये म्हणून हॅलोवीन टाळायचा आणि मग नरक दाखवून घाबरवायचं, याला काय म्हणावं? त्यापेक्षा पॅरिसच्या धर्मप्रांतानं २००२ मध्ये सुरू केलेला प्रकार बरा. तिथे मुलं संतांचे वेश करून येतात. वेश आहे, मिरवणं आहे, आणि सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्याही जागच्या जागी आहे.

आणखी एक अडचण आहे. गेल्या सत्तरेक वर्षांत विक्का आणि तत्सम नवपेगन पंथ उभे राहिले, आणि त्यांचे अनुयायी ३१ ऑक्टोबरला साउइन म्हणून खरोखरच धार्मिक विधी करतात. म्हणजे जुन्या उपासनेचा पुरावा पुसट असला तरी नवी उपासना आज जिवंत आहे. मग कंदील घेऊन दारोदार फिरणारं मूल त्यात सामील होतं का? पौलाच्या हिशेबानं नाही. ते बाजारात आहे, देवळाच्या पंगतीत नाही. पण त्याच मुलाच्या शाळेनं खेळ म्हणून मृतात्म्यांना बोलावण्याचा फळा मांडला, किंवा एखाद्या पंथाच्या वर्तुळात हात धरून उभं राहायला सांगितलं, तर तिथे पंगत सुरू झाली. आणि जो माणूस अशा पंथातून बाहेर पडून ख्रिस्ती झाला आहे, त्याच्या घरात भोपळादेखील नको असेल, तर ती त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. त्याच्या मुलाला मंडळीतल्या इतरांनी चिडवू नये, हे पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात जवळजवळ याच स्वरूपात सांगितलं आहे: कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, दोघांनी एकमेकांचा न्याय करू नये.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती आईवडिलांना हा भेद युरोपीयांपेक्षा लवकर कळावा, कारण त्यांच्या शेजारी मुळं नाहीत, उभी झाडं आहेत. दिवाळी किंवा गणेशोत्सव ही कुणाच्या विस्मृत पूर्वजांची आठवण नव्हे. शेजाऱ्याची ती चालू श्रद्धा आहे, आणि तिला नुसती ‘संस्कृती’ म्हणून गिळून टाकणं शेजाऱ्यावरही अन्याय करणारं आहे. म्हणूनच इथे पौलाचे तीन भाग जसेच्या तसे समोर उभे राहतात. शेजारणीनं पाठवलेलं फराळाचं ताट, चकली-करंजी, आकाशकंदील करण्याची शाळेतली स्पर्धा, किल्ला: यात हरकत कुठे आहे? व्हॅटिकन स्वतः दरवर्षी हिंदूंना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतं. आरतीचं तबक हाती घेऊन ओवाळणं ही मात्र उपासना आहे, आणि ती उपासना आहे म्हणूनच ख्रिस्ती मुलानं ती न करणं योग्य. त्यात तिचा अनादर नाही, तिला गंभीरपणे घेणं आहे. मधला प्रसाद. त्यावर मराठी ख्रिस्ती घरांत मतं वेगळी आहेत, आणि राहतील; देणाऱ्याच्या मनात ते गोड खाणं आहे की देवाचा प्रसाद, हे बहुतेक वेळा त्याच्या एका वाक्यातून कळतं. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती भक्तीसाठी वापरलं तेव्हा त्यांनीही रूप घेतलं, पण आराध्य कोण याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरू दिली नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो प्रेमापोटी येतो: एवढे बारकावे लहान मुलाला कसे कळणार? सरळ ‘हे सैतानाचं आहे’ म्हणून दार लावून घेतलेलं बरं. पाच वर्षांच्या मुलाला पंगत आणि बाजार यांतला फरक कळत नाही हे खरं, म्हणून त्या वयात निर्णय आईवडिलांनीच घ्यावा. जायचं नाही असा घेतला तरी काही बिघडत नाही. वेगळं राहण्याची सवय अल्पसंख्य समाजाला उपयोगीच पडते. पण दिलेलं कारण मुलाजवळ राहतं. तेच मूल तेराव्या वर्षी फोनवर दहा मिनिटांत हटन, ३५४ सालचं पंचांग आणि वुडरो यांच्यापर्यंत पोचतं. ड्रुइडांची गोष्ट टिकत नाही हे त्याला दिसलं, की घरात ऐकलेल्या बाकीच्या गोष्टींकडेही ते त्याच नजरेनं पाहू लागतं, आणि त्यात येशूच्या पुनरुत्थानाची गोष्टही येते. ज्या श्रद्धेच्या रक्षणासाठी हे सगळं केलं, तिच्याच वाट्याला तो संशय येतो. अमेरिकेत ३१ तारखेला पोर्चवरचा दिवा बंद ठेवला की ‘इथे येऊ नका’ हा निरोप साऱ्या आळीला समजतो. मुलं पुढच्या घराकडे वळतात, कुणी जाब विचारत नाही. विचारलंच, तर घरातलं मूल विचारतं. त्याला ‘मरणाची अशी थट्टा आम्हाला आवडत नाही’ असं सांगता येतं. ‘उद्या संतांचा सण आहे, आपण त्याची तयारी करू’ असंही सांगता येतं. दोन्ही खरी आहेत, आणि दोन्हींवर ते तेराव्या वर्षी आईवडिलांशी मोकळेपणानं भांडू शकेल.